मेथड वाढवली आणि जुनं मोडलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशिकला सातपूरमध्ये बसून भुईकाट्यांच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटं फ्रेमवर्क सांभाळतो. काट्याकडून वजन वाचायचं, भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची, पावती छापायची, एवढंच त्याचं काम. त्यावर आपापली ॲप्स उभारणाऱ्या टीम पिंपळगाव, लासलगाव, मालेगाव अशा ठिकाणी आहेत. दर रिलीजनंतर त्यांचे तेच ते फोन येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आमचं काम जावा आणि कॉटलिनमध्ये चालतं, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथली. बाकी भाषांसाठी प्रश्न ११ पाहा.

१. नुसती एक मेथड वाढवली, काढलं काहीच नाही. मग जुनं मोडेल कसं?

जो कोड तुमच्या मेथड (नाव देऊन बांधलेली कामं) फक्त बोलावतो त्याचं सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते तुमचा इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात त्याची यादी) लिहून पुरा करणाऱ्यांचं आणि तुमचा क्लास एक्स्टेंड करणाऱ्यांचं, म्हणजे त्याचा वारसा घेऊन आपला सबक्लास बनवणाऱ्यांचं.

आमच्याकडे 'काटा' नावाचा इंटरफेस आहे. त्यातली 'वजनवाच' आम्ही बोलावतो, पण लिहिता तुम्ही, कारण कुणाच्या काट्यावर कुठल्या कंपनीचा इंडिकेटर (वजन दाखवणारी पेटी) बसवलाय ते आम्हाला माहीत नसतं. तिथे आम्ही एक मेथड वाढवली की ती लिहायचं काम न विचारता तुमच्या अंगावर पडतं. 'पावती' हा क्लास मात्र आम्हीच बनवून देतो आणि तो फायनल आहे, म्हणजे कोणी एक्स्टेंड करू शकत नाही. त्यात दहा मेथड वाढवल्या तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. म्हणून मेथड लिहायला घेण्याआधी आम्ही एकच गोष्ट विचारतो: हा प्रकार बाहेरचे लोक नुसता वापरतात, की स्वतः लिहितात? पुढची बहुतेक उत्तरं यावरच उभी आहेत.

२. बॅकवर्ड कंपॅटिबल म्हणजे जुना कोड कंपाइल व्हायला हवा, की जुनी जार (कंपाइल झालेल्या कोडची फाइल) तशीच चालायला हवी?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिसरीही एक आहे: चालतं, पण आधीसारखं वागत नाही. तिन्ही वेगवेगळ्या वेळी मोडतात.

जावात इंटरफेसमध्ये बॉडी (आतला कोड) नसलेली मेथड वाढवा. जुना सोर्स पुन्हा कंपाइल करायला गेलात तर लगेच एरर येते. पण आधीच कंपाइल झालेली जार नव्या फ्रेमवर्कसोबत निवांत लोड होते आणि चालू लागते. मग एक दिवस कोणीतरी ती नवी मेथड बोलावतं आणि 'ॲबस्ट्रॅक्टमेथडएरर' येते. २००६ साली जावा ६ बरोबर जेडीबीसी (जावाला डेटाबेसशी जोडणारी सोय) ४.० आलं, तेव्हा 'कनेक्शन' इंटरफेसमध्ये 'इजव्हॅलिड' ही मेथड वाढली. डेटाबेसचे जुने ड्रायव्हर आधी ठीक चालायचे. कनेक्शन पूलने (डेटाबेसच्या जोडण्या उघड्या ठेवून वाटणाऱ्या कोडने) ही नवी मेथड बोलावायला सुरुवात केली आणि ते कोसळले. ही एरर पाहिलेली माणसं अजूनही आपल्या आसपास काम करताहेत.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट, कारण त्यात एरर येतच नाही. त्याची गोष्ट प्रश्न ६ मध्ये.

३. इंटरफेसमध्ये मेथड वाढवायचीच आहे. सुरक्षित रस्ता कोणता?

डिफॉल्ट मेथड. म्हणजे इंटरफेसमध्येच बॉडी लिहिलेली मेथड. मार्च २०१४ मध्ये जावा ८ सोबत त्या आल्या त्या याच अडचणीपायी. लॅम्डा (नाव न देता जागीच लिहिलेली फंक्शन) आले, 'कलेक्शन'मध्ये 'स्ट्रीम' आणि 'इटरेबल'मध्ये 'फॉरईच' हवं होतं, पण जगभर लोकांनी स्वतःचे कलेक्शन लिहून ठेवलेले. ते सगळे मोडण्यापेक्षा इंटरफेसलाच बॉडी दिली. सी शार्पमध्ये हीच सोय २०१९ साली आवृत्ती ८ मध्ये आली, पण जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर ती चालत नाही. तुमचे ग्राहक तिथेच असतील तर हा रस्ता बंद.

त्याआधी लोक रिकाम्या मेथडचा ॲडॅप्टर क्लास द्यायचे, एडब्ल्यूटी या जावाच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीतला 'माउसॲडॅप्टर' तसाच. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या आवृत्ती ५ ने जावा ८ ची अट घातली आणि स्वतःचा 'वेबएमव्हीसीकॉन्फिगररॲडॅप्टर' डेप्रिकेट केला (यापुढे वापरू नका असा शिक्का मारला), कारण मूळ इंटरफेसच डिफॉल्टसकट झाला होता.

एक जपा. एकच ॲबस्ट्रॅक्ट (बॉडी नसलेली) मेथड असलेला इंटरफेस लोक लॅम्डाने भरतात. त्यात दुसरी ॲबस्ट्रॅक्ट मेथड आली की सगळे लॅम्डा मोडतात. डिफॉल्टने मोडत नाहीत.

४. डिफॉल्टमध्ये लिहायचं काय? एक्सेप्शन फेकली तर चालेल ना?

चालेल, पण ते रिकामं पाकीट देऊन आहेर केल्यासारखं आहे. जुना कोड कंपाइल झाला, लोड झाला, आणि बोलावल्यावर पडला. प्रश्न २ मधल्या एररचं नाव तेवढं बदललं.

आमची पसंती अशी. नवी मेथड जुन्या मेथडमधून बांधता येत असेल तर तशीच बांधा, थोडी हळू चालली तरी हरकत नाही. 'स्थिरवजनवाच' वाढवली तेव्हा डिफॉल्टमध्ये आम्ही 'वजनवाच' लागोपाठ तीनदा बोलावली आणि तिन्ही आकडे जुळले तरच उत्तर दिलं. ज्यांचा इंडिकेटर स्थिर वजनाची खूण स्वतः पाठवतो त्यांनी ती ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहिली, बाकीच्यांनी हातही लावला नाही.

असं बांधताच येत नसेल, म्हणजे काट्याला ते जमतच नसेल, तर तो गुण वेगळ्या छोट्या इंटरफेसमध्ये काढा आणि वापरण्याआधी 'तुला हे येतं का' असं विचारा. गो भाषेत हे रोजचंच: एचटीटीपी उत्तर लिहिणारा 'फ्लशर' (साठलेलं लगेच पाठवू शकणारा) आहे का ते आधी तपासतात, असेल तर फ्लश करतात, नसेल तर पुढे जातात.

५. आम्ही तुमच्या 'काटा'भोवती लॉग घेणारा रॅपर (वरून गुंडाळणारा क्लास) लिहिलाय. डिफॉल्ट मेथडचा आम्हाला काय त्रास?

तुमच्या रॅपरला नवी मेथड आलीय हे ठाऊकच नसतं. ती आतल्या काट्याकडे जात नाही, रॅपरवरच डिफॉल्ट चालते. आतल्या काट्याने ओव्हरराइड करून चांगली 'स्थिरवजनवाच' दिलेली असली तरी ती वाया.

लॉग घेणारा रॅपर असेल तर इतकंच नुकसान. कुलूप लावणारा, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा रॅपर असेल तर गंभीर. जावा ८ ने 'कलेक्शन'मध्ये 'रिमूव्हइफ' आणलं. जेडीकेने (जावाच्या मूळ संचाने) स्वतःच्या सिंक्रोनाइज्ड, म्हणजे कुलूपवाल्या, रॅपरमध्ये ते लगेच ओव्हरराइड केलं. अपाचे कॉमन्स या लायब्ररीच्या तशाच रॅपरमध्ये ते बरीच वर्षं नव्हतं, म्हणजे कुलूप न लावताच डिफॉल्ट चालायचं. कंपायलर यावर अवाक्षर काढत नाही. म्हणून आमच्या रिलीज नोटमध्ये 'रॅपर लिहिणाऱ्यांनी पाहावं' असा वेगळा परिच्छेद असतो. तो वाचा.

६. इंटरफेस नको, बेस क्लासमध्ये बॉडीसकट मेथड वाढवली तर निर्धास्त का?

आम्हालाही तसंच वाटायचं.

'तोलनोंद' हा आमचा बेस क्लास टीम एक्स्टेंड करतात. पावसाळ्यात काट्यावर चिखल साचतो, रिकामा काटाही पाच-दहा किलो दाखवतो. म्हणून आम्ही त्यात 'शून्यकर' ही मेथड वाढवली आणि प्रत्येक गाडी तोलण्याआधी ती आपोआप बोलावली. बॉडी होती, टेस्ट होत्या, सगळं हिरवं. पिंपळगावच्या बाजूच्या एका टीमने आपल्या सबक्लासमध्ये खूप आधीपासून 'शून्यकर' याच नावाची मेथड लिहिलेली होती. त्यांच्याकडे तिचं काम वेगळं: रात्री दुकान बंद करताना दिवसाची बेरीज शून्य करायची. नाव तेच, पॅरामीटर नाहीत, परत काही देत नाही. जावाच्या लेखी ते सरळसरळ ओव्हरराइड झालं. त्यांनी जार बदलली, कंपाइल केलंच नाही, त्यामुळे इशारा येण्याचाही प्रश्न नव्हता.

दिवसभर पावत्या बरोबर छापल्या गेल्या. संध्याकाळी रजिस्टर काढलं तर अख्ख्या दिवसाच्या कांद्याच्या जागी शेवटच्या एका ट्रॉलीचं वजन. प्रत्येक गाडीआधी आम्ही त्यांची बेरीज पुसत होतो. पावत्यांच्या स्थळप्रती होत्या म्हणून रात्री बसून बेरीज परत उभी करता आली. चूक पूर्णपणे आमची होती.

तेव्हापासून दोन नियम. आमच्या आतल्या कामासाठीची मेथड प्रायव्हेट, ती कोणी ओव्हरराइड करू शकत नाही. आणि बेस क्लासमधून नवी ओव्हरराइड होणारी मेथड आपोआप बोलवायची नाही, निदान एक मोठी आवृत्ती जाईपर्यंत. 'फायनल केली असती तर?' असं एकाने विचारलं. तर त्या टीमचा क्लास लोडच झाला नसता, कारण फायनल मेथडवर ओव्हरराइड जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं यंत्र) मान्य करत नाही. सकाळीच बंद पडलं असतं. खरं तर तेही बरंच झालं असतं.

सी शार्पमध्ये हा घोळ होत नाही. तिथे 'ओव्हरराइड' असं स्पष्ट लिहिल्याशिवाय सबक्लासची मेथड बेसच्या मेथडची जागा घेत नाही, फक्त इशारा येतो.

७. मग नाव कसं निवडायचं? कोण काय नाव वापरतंय ते आम्हाला कुठे माहीत?

माहीत नसतंच. जावास्क्रिप्टवाल्यांनी याची किंमत मोजलीय. ॲरेला (त्यांच्या यादीच्या प्रकाराला) 'कंटेन्स' ही मेथड द्यायचं ठरलं होतं. मूटूल्स या जुन्या लायब्ररीमुळे साइट मोडू लागल्या, म्हणून ते 'इन्क्लूड्स' झालं. २०१८ मध्ये 'फ्लॅटन'चं तेच. मूटूल्स स्वतःची 'फ्लॅटन' ॲरेवर लावायचं आणि मग लूप फिरवून ॲरेच्या मेथड स्वतःच्या दुसऱ्या प्रकारावर उतरवायचं. ब्राउझरची मूळची मेथड मात्र त्या लूपमध्ये दिसत नाही. तीच जागा मूटूल्सने नंतर भरली तरी ती लपलेलीच राहते आणि पुढे उतरत नाही. शेवटी नाव 'फ्लॅट' ठेवून २०१९ च्या मानकात घेतलं. मधल्या काळात कोणीतरी गमतीने 'स्मूश' सुचवलं होतं, त्यावर बराच गदारोळ झाला.

यातून आम्ही घेतलं ते इतकंच: ज्याचा वारसा घेता येतो अशा क्लासमध्ये सुटसुटीत, सगळ्यांच्या तोंडात येणारं नाव टाळायचं. 'शून्यकर' कोणालाही सुचेल. 'इंडिकेटरशून्यावरआण' दुसऱ्याला सुचायची शक्यता कमी. कानाला खटकतं, पण रजिस्टर वाचतं.

८. आहे त्याच नावाची, वेगळ्या पॅरामीटरची मेथड दिली तर नावाचा प्रश्नच मिटला ना?

ओव्हरलोड म्हणताय. जुन्या जारना सहसा त्रास नाही, पण सोर्स मोडू शकतो. जावा ११ मध्ये 'कलेक्शन'ला 'टूॲरे'चं आणखी एक रूप मिळालं, फंक्शन घेणारं. ज्यांच्या टेस्टमध्ये 'टूॲरे(नल)' लिहिलेलं होतं त्यांचं कंपाइल थांबलं, कारण तो नल ॲरेचा की फंक्शनचा हे कंपायलरला ठरवता येईना. लॅम्डा घेणाऱ्या दोन ओव्हरलोडमध्येही असाच पेच होतो. शक्य तिथे वेगळं नाव द्या, मग प्रश्न ७ वाचा.

९. नवी मेथड न काढता जुन्याच मेथडला एक पॅरामीटर वाढवला आणि त्याला डिफॉल्ट व्हॅल्यू दिली. हे तरी चालेल?

कॉटलिनमध्ये सोर्स चालतो, जार मोडते. जेव्हीएमच्या दृष्टीने पॅरामीटर बदलला म्हणजे मेथडच बदलली, जुनी उरलीच नाही, आणि जुन्या जारला 'नोसचमेथडएरर' मिळते. उपाय: जुन्या रूपाचं फंक्शन तसंच ठेवा आणि त्यावर डेप्रिकेशनची 'हिडन' पातळी लावा. नवा कोड त्याला पाहू शकत नाही, जुनी जार बिनबोभाट बोलावत राहते. सी शार्पमध्येही सोर्स चालतो, आधी कंपाइल झालेला कोड मोडतो.

पायथनमध्ये बोलावणाऱ्यांना त्रास नाही, पण ज्यांनी ती मेथड ओव्हरराइड केलीय त्यांच्या रूपात नवा पॅरामीटर नसतो. तुम्ही तो पाठवला की टाइपएरर. पीएचपी ८ पासून नावाने पॅरामीटर पाठवता येतात, म्हणजे नुसतं पॅरामीटरचं नाव बदललं तरी कोणाचं तरी मोडतं. लारावेल आपल्या दस्तऐवजात सरळ सांगून मोकळं होतं की पॅरामीटरची नावं कंपॅटिबिलिटीच्या हमीत येत नाहीत.

१०. मूळ प्रकाराला हातच नको, एक्स्टेन्शन फंक्शन (बाहेरून जोडलेलं, पण मेथडसारखं बोलावता येणारं) दिलं तर?

चांगला मार्ग, पण एक्स्टेन्शन आणि खरी मेथड समोरासमोर आल्या की खरी जिंकते, कॉटलिनमध्येही आणि सी शार्पमध्येही. आज तुम्ही एक्स्टेन्शन दिलं, उद्या मूळ मालकाने त्याच नावाची मेथड काढली, की पुढच्या कंपाइलला तुमचं एक्स्टेन्शन न सांगता बाजूला पडतं.

गेटवरच्या टॅबलेटच्या ॲपमध्ये हे आमच्याकडे झालं. कॉटलिनच्या याद्यांना 'रिमूव्हफर्स्ट' हे एक्स्टेन्शन पूर्वीपासून आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ ने 'लिस्ट'लाच 'रिमूव्हफर्स्ट' दिलं आणि ते अँड्रॉइड १५ मध्ये उतरलं. आम्ही कंपाइल एसडीके ३५ (म्हणजे अँड्रॉइड १५ चा) केला, कोडची एक ओळ बदलली नाही. नव्या फोनवर चालायचं. गेटवरच्या जुन्या टॅबलेटवर रांगेतली पहिली गाडी काढताच ॲप बंद. कंपायलरने आता खरी मेथड धरली होती आणि जुन्या अँड्रॉइडमध्ये ती नव्हतीच. 'रिमूव्हॲट' ला शून्य देऊन काम भागलं.

११. आम्ही जावावाले नाही. आमच्यासाठी थोडक्यात?

पायथन: ॲबस्ट्रॅक्ट बेस क्लासमध्ये नवी ॲबस्ट्रॅक्ट मेथड आली की जुन्या सबक्लासचा ऑब्जेक्टच बनत नाही. पीएचपी: इंटरफेसमध्ये मेथड वाढवली की फेटल एरर. गो: इंटरफेसला मेथड वाढवणं म्हणजे मोडणंच, म्हणून प्रश्न ४ मधला छोट्या इंटरफेसचा मार्ग. रस्ट: ट्रेटमध्ये (तिथल्या इंटरफेसमध्ये) डिफॉल्टसकट मेथड छोटा बदल मानतात, तरी दोन ट्रेटमध्ये एकच नाव आलं की पेच पडतो. सी प्लस प्लस: व्हर्च्युअल फंक्शन वाढवलं की आभासी फंक्शनांच्या तक्त्यातल्या जागा हलतात, सगळं पुन्हा कंपाइल केल्याशिवाय हात लावू नका.

१२. दोन इंटरफेसमध्ये एकाच नावाच्या डिफॉल्ट मेथड आल्या, आणि आमचा क्लास दोन्ही लिहितो. आता?

कंपाइल होणार नाही. तुम्हाला स्वतः ओव्हरराइड करून कोणती हवी ते सांगावं लागेल. आधीच कंपाइल झालेली जार लोड होते आणि ती मेथड बोलावल्यावर पडते. हे होईल का ते आम्हाला आधी कळू शकत नाही, कारण दुसरा इंटरफेस आमचा नसतो. असं झालं तर कळवा.

१३. एवढी कटकट, तर 'काटा२' असा नवाच इंटरफेस का काढत नाही?

कधी कधी काढतो. मायक्रोसॉफ्टने कॉम या आपल्या जुन्या तंत्राच्या काळात हाच नियम केला होता: एकदा बाहेर गेलेल्या इंटरफेसला हात लावायचा नाही, नवा काढायचा. 'आयवेबब्राउझर२' त्यातूनच आला. नियम लोखंडासारखा, मोडत काहीच नाही. पण कोणी कुठल्या आकड्याचा इंटरफेस लिहिलाय ते तपासण्यात निम्मा कोड जातो. एखाद-दुसऱ्या मेथडसाठी आम्ही हे करत नाही. वजन किलोऐवजी ग्रॅमच्या पूर्णांकात द्यायचं ठरलं तेव्हा केलं, कारण जुन्या मेथडचा अर्थच बदलत होता.

१४. तुमच्या इंटरफेस आम्ही लिहूच नये अशी सोय करून ठेवा ना. मग हवं ते वाढवा.

जिथे जमतं तिथे केलीय. जावा १७ पासून सील्ड प्रकार (बाहेरच्यांना लिहायला बंद केलेले) आहेत, कॉटलिनमध्ये त्याआधीपासून. गोच्या 'टेस्टिंग' पॅकेजमध्ये 'टीबी' या इंटरफेसमध्ये मुद्दाम एक खाजगी मेथड ठेवलीय, म्हणजे बाहेरच्या कोणाला तो लिहिताच येऊ नये आणि गोवाल्यांना पुढे मेथड वाढवता याव्यात. 'काटा' मात्र सील करता येत नाही, तुम्ही तो लिहावा यासाठीच तो आहे.

१५. बेसमध्ये मेथड वाढली, आमच्या कोडमधल्या परवानगीच्या तपासण्या शाबूत राहतात का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, विचारायला सगळ्यांनी हवा. जावातला 'प्रोव्हायडर' हा सुरक्षेशी संबंधित क्लास 'हॅशटेबल'चा वारस. नोंद काढायच्या मेथडवर त्याने परवानगीची तपासणी बसवलेली. जावा १.२ मध्ये 'हॅशटेबल'ला 'एंट्रीसेट' मिळालं आणि त्यातूनही नोंद काढता येऊ लागली. 'प्रोव्हायडर'मध्ये ते ओव्हरराइड झालं नाही. पुढच्या दाराला कुलूप, आणि मालकाने मागे नवं दार पाडलेलं. तुम्ही वारसा घेऊन तपासणी बसवली असेल तर आमची प्रत्येक नवी मेथड हे नवं दार समजा. त्याहून चांगलं म्हणजे वारसा न घेता आमचा ऑब्जेक्ट आत ठेवा आणि हवं तेवढंच बाहेर द्या.

१६. आम्ही दस्तऐवजात नसलेल्या वागणुकीवर विसंबलो होतो आणि नव्या मेथडमुळे ती बदलली. हे तुमच्याकडून मोडलं असं धरायचं का?

कागदावर नाही, मनातून हो. गोदेला पूर आला की नाशिककर क्युसेकचे आकडे नंतर पाहतात. आधी विचारतात, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. गावाने मारुतीचं माप धरलंय. उद्या कोणी मूर्ती दोन हात सरकवली तर नियम कुठलाच मोडणार नाही, पण सराफ बाजारातल्या दुकानदाराचा अंदाज चुकेल आणि माल भिजेल.

आमच्या मेथडच्या यादीचा क्रम असाच एकाचा मारुती निघाला. रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या कोडकडूनच क्लासच्या मेथडची यादी घेऊन, तो मेनू बनवत होता. एक मेथड वाढली आणि 'छापा'च्या जागी 'रद्द करा' आलं. क्रमाची हमी जावा देत नाही, आम्हीही देत नव्हतो. तरी आम्ही त्याला मेनू नावाने बांधून दिला. अशा गोष्टी रिलीजआधी कळवल्यात तर विचार करू. नंतर कळवल्यात तर दरवेळी मागे फिरू असं नाही.

१७. आवृत्तीचा कोणता आकडा वाढला की घाबरायचं?

सिमँटिक व्हर्जनिंग या तीन आकड्यांच्या आवृत्तीच्या नियमाप्रमाणे जुनं न मोडता भर घातली तर मधला आकडा, मोडलं तर पहिला. आम्ही तेच पाळतो, फक्त एक्स्टेंड करता येणाऱ्या क्लासमध्ये ओव्हरराइड होणारी मेथड आली तर ती 'भर' असूनही पहिला आकडा वाढवतो. कारण प्रश्न ६. शिवाय बाहेर पाठवण्याआधी जुन्या आणि नव्या जारची तुलना यंत्राकडून होते. कॉटलिनसाठी बायनरी कंपॅटिबिलिटी व्हॅलिडेटर आहे, रस्टवाल्यांसाठी कार्गो-सेमव्हर-चेक्स. ही साधनं मेथडची नावं आणि पॅरामीटर तपासतात, वागणूक नाही. 'शून्यकर' त्यांतून सहज सुटली असती. म्हणून तुमची ॲप्स आमच्याकडे द्या, आम्ही रिलीजआधी ती नव्या जारवर चालवून पाहतो. आणि लिलाव असतील त्या दिवशी सकाळी जार बदलू नका, कितीही घाई असली तरी.

१८. चुकून वाढवलेली मेथड परत काढता का?

सहसा नाही. जावाच्या 'थ्रेड.स्टॉप'वर डेप्रिकेटचा शिक्का १९९८ साली आवृत्ती १.२ मध्ये बसला. ती बोलावल्यावर नुसती एक्सेप्शन मिळायला २०२३ चा जावा २० उजाडावा लागला. आमच्याकडे 'पावतीछाप'ची एक जुळी बहीण आहे, पहिल्या आवृत्तीत टायपो होऊन गेलेली 'पावतीछपा'. डेप्रिकेट केली, नोट लिहिली, दोनदा फोनही केले. मालेगावचा एक काटा अजून तीच बोलावतो. आतून ती सरळ 'पावतीछाप'कडे जाते, एका ओळीची आहे, आणि राहू दिली आहे.